कांदाचाळीतली हिरवी गाडी

सव्वीस वर्षांपूर्वी राहू गावात, माझ्या सासरी, माझा परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघायच्या वेळी घोडा अडला. ताशाच्या आवाजाने बिथरून तो मारुतीच्या देवळासमोर गोल फिरायला लागला आणि मी त्याच्या पाठीवर बसायला साफ नकार दिला. देवळाच्या पायरीवरून मांडव दिसत होता. चालत जाऊ, असं मी म्हणालो. पण नवरदेव मांडवात चालत आला असता तर मुलीकडच्यांना ते वर्षभर ऐकावं लागलं असतं. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि एक गडद हिरवी, बुटकी, बिनछपराची गाडी घरघरत पुढे आली. लांबच लांब नाक, सायकलसारख्या तारांची चाकं, बसायला दोनच जागा. चालवणाऱ्या गृहस्थांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बसा पाव्हणं. ही लाथ मारत न्हाई."

मांडव येईपर्यंतच मी त्या गाडीत बसलो. पण तेवढ्यात तिचा वेगाचा काटा मैलांत आहे, डॅशबोर्ड खऱ्या लाकडाचा आहे आणि पहिला गिअर जरा कुरकुरतो, एवढं मी पाहून ठेवलं होतं. बायको अजूनही म्हणते, "अंतरपाट निघाला तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता. मांडवाबाहेर बघत होता."

ते गृहस्थ माझ्या सासरच्या गल्लीतले. तरुणपणी ते दौंडला रेल्वे कॉलनीत दूध घालायचे. तिथला एक साहेब नोकरी संपवून परदेशातल्या मुलाकडे कायमचा निघाला, तेव्हा त्याने इंग्लंडात बनलेली आपली ही गाडी दूधवाल्यालाच विकली. दुसऱ्या कुणी ती नीट ठेवली नसती, असं त्याचं म्हणणं होतं म्हणे. मग बरीच वर्षं तिच्या शेजारच्या सीटवर दुधाचे कॅन बसून दौंडला जायचे. गावातल्या निम्म्या नवरदेवांनाही तिने मांडवात पोहोचवलं.

माझ्या लग्नानंतर वर्षभरात ते गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. जाण्याआधी त्यांनी गाडी धाकट्या भावाच्या नावावर करून दिली होती. ह्या धाकट्या भावाला सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणतो. आबांना ट्रॅक्टर येतो, पण ती गाडी त्यांनी एकदाही चालवली नाही. "थोरल्याची गाडी चालवायची म्हंजी त्येच्या चपला घालून हिंडल्यागत वाटतं," असं ते मला एकदा म्हणाले होते. त्यांनी ती आपल्या कांदाचाळीत नेऊन लाकडी ठोकळ्यांवर चढवली. चाळ दुहेरी आहे. दोन्ही बाजूंना कांद्याचे कप्पे आणि मधे चालायची वाट. त्या वाटेच्या टोकाला गाडी उभी राहिली ती राहिलीच.

दर दिवाळीला सासरी गेलो की मी एकदा "कांदे बघून येतो" म्हणून उठायचो. सासऱ्यांना कळायचं. ते नुसतं हसायचे.

गेल्या वर्षी आमचं घराचं कर्ज संपलं. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी बायकोला माहेरून कळलं की आबांचा मुलगा चाळ वाढवतोय, त्याला ती वाट मोकळी हवी आहे, आणि हायवेवरच्या एका नव्या हॉटेलवाल्याने गाडी मागितली आहे. त्याला ती चालवायची नव्हती. हॉटेलच्या दारात चौथऱ्यावर सिमेंटात बसवायची होती. बॉनेट कापून आत फुलझाडं लावायची, म्हणजे लोक तिथे फोटो काढतील. इंजिन तो भंगारात देणार होता.

मी कपाटातून हिशोबाची वही काढली. बायकोच म्हणाली, "उद्या रविवार आहे. जाऊन या एकदा. नाहीतर जन्मभर माझ्या माहेराला नावं ठेवाल."

"तू चल बरोबर."

"मी येणारच आहे. तुम्हाला एकट्याला पाठवलं तर भाव कमी करायच्या ऐवजी वाढवून याल."

मी रांजणगावच्या एका कारखान्यात कॉस्टिंग बघतो. एखादा भाग बनवायला काय खर्च येईल हे तो बनायच्या आधी सांगणं, हे माझं काम. माझा आकडा चुकला तर कुणालातरी वर्षभर तोटा सोसावा लागतो. त्यामुळे गाडीचाही हिशोब मी कारखान्यातल्यासारखाच, उलट्या बाजूने केला. अशा नीट केलेल्या गाडीला आज गिऱ्हाईक किती देतं, हे मी चार ठिकाणी विचारलं होतं. नऊ लाखांच्या आसपास. त्यातून ती नीट करायचा खर्च वजा करायचा. उरेल ती आजच्या गाडीची खरी किंमत. त्यापेक्षा जास्त दिली तर मी मूर्ख, कमी दिली तर आबा फसले. घराच्या पैशातून एकूण नऊच्या वर एक रुपया जाणार नाही, असं मी बायकोला सांगितलं आणि तिने ते मला दोनदा म्हणायला लावलं.

चाळीत शिरलो तेव्हा कांद्याच्या वासाने डोळे चुरचुरले. आबांच्या मुलाने गाडीवरची ताडपत्री ओढली. मी बरोबर जुनी चादर, बॅटरी, स्क्रूड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक नेलं होतं. आधी चुंबक सगळ्या पत्र्यावरून फिरवलं. जिथे खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेला असतो तिथे ते धरत नाही. एका मडगार्डावर ते घसरलं, बाकी सगळीकडे चिकटलं. मग चादर अंथरून खाली शिरलो आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चासी टोचत गेलो. गंजलेला पत्रा बिस्किटासारखा आत जातो. इथे टोक कुठेच गेलं नाही. कांदा टिकावा म्हणून चाळीतून सतत वारं खेळवलेलं असतं, आणि त्याच वाऱ्याने गाडीचं पोटही कोरडं राहिलं होतं. आत पाय ठेवायच्या जागी कांद्याची टरफलं घोट्याइतकी साचली होती. सीट उंदरांनी संपवल्या होत्या. मागे घडी करून ठेवलेला कापडी टप हात लावताच फाटला. वायरिंग नव्याने करावं लागणार होतं. पण हे सगळं माझ्या हिशोबात धरलेलं होतं.

खाली पडल्यापडल्या मला अजून एक गोष्ट दिसली. चारी चाकांखाली, जमिनीवर, काळी वाळकी लिंबं पडली होती. एकेका चाकाखाली मूठमूठभर. वाळून ती सुपारीसारखी टणक झाली होती.

"आबा, ही लिंबं?"

"दसऱ्याची," आबा म्हणाले. "दर दसऱ्याला पूजा करतो, हार घालतो. लिंबं ठिवायची म्हंजी ठिवायची. चाक अधांतरी, त्यामुळं फुटत न्हाईत. काय करायचं?"

"ट्रॅक्टरची लिंबं ट्रॅक्टर फोडतो," त्यांचा मुलगा म्हणाला. "हिची आमी पुढल्या वरसाला झाडून टाकायचो. मंग आबांनी झाडू बी दिली न्हाईत."

बाहेर येऊन मी बॉनेट उघडलं. इंजिन बाहेरून स्वच्छ होतं. पुढच्या बाजूने हँडल घालून फिरवायची सोय ह्या गाडीला आहे. हँडल डिकीत होतं. मी ते बसवलं आणि जोर लावला. हललं नाही. आबांच्या मुलाने लावला. मग दोघांनी मिळून लावला. भिंत ढकलावी तसं वाटलं.

"फिरायचं पयलं," आबा मागून म्हणाले. "पयली चार वरसं फिरायचं. मंग जड झालं. म्हनलं, आपल्यागत ती बी म्हातारी झाली."

आबांच्या मुलाकडचा पाना घेऊन मी एक स्पार्क प्लग काढला. त्याच्या टोकाला पिवळसर तपकिरी, चिकट काहीतरी लागलं होतं. ते मी रुमालाला पुसलं आणि भोकातून बॅटरीने पाहिलं. आत नुसता काळोख. इतकी वर्षं बंद असलेलं इंजिन जाम झालं की बहुतेक वेळा आत गंज धरलेला असतो. पिस्टन सिलिंडरला धरून बसतो आणि ओढून काढला की सिलिंडरचीही वाट लागते. तसं असेल तर भाग इंग्लंडहून आणावे लागतात. तो खर्च दीड लाखाचा, आणि ते दीड लाख माझ्या हिशोबात नव्हते.

चहा झाला. आबा म्हणाले, "बोला पाव्हणं."

मी सगळं मोजून सांगितलं. तयार गाडी नऊची. चांगलं इंजिन असतं तर खर्च सहाचा, म्हणजे मी तीन दिले असते. इंजिन गेलेलं असेल तर खर्च साडेसातचा. "मग मला दीडच देता येतात, आबा. हा घासाघिशीचा आकडा नाही. एवढाच बसतो."

आबांच्या मुलाने कप खाली ठेवला. तो वाईट माणूस नाही. चाळीचा पत्रा, अँगल, सगळं त्याला रोखीने घ्यायचं होतं. "दाजी, खरं सांगू का? हाटेलवाला सव्वादोन देतोय. त्याला इंजिन नकोच हाय. त्यामुळं त्याला जाम काय आन् चालू काय, सारखंच."

"बरोबर आहे," मी म्हणालो. खरोखरच बरोबर होतं.

"आरं, जावई हायती गावाचं," आबा मुलाला म्हणाले.

"गावाचं हायती, आबा. आपल्या घरचं न्हाईत."

"मंग सव्वादोन तरी," आबा माझ्याकडे वळले. त्यांना गाडी मला द्यायची होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी होय म्हटलं असतं तर तिथेच विषय संपला असता. पण बाकीचे पाऊण लाख मी कुठल्या खर्चातून कापणार होतो ते मला सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही तो आकडा मी कारखान्यातही लिहीत नाही. मी मान हलवली. आबांच्या मुलाने हॉटेलवाल्याला पुढच्या रविवारी संध्याकाळी क्रेन घेऊन यायला सांगितलं होतं. आबा निरोप द्यायला दारापर्यंत आले, पण मला ओलांडून पुढे गेले. बायकोच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "थोरला असता तर त्यानं फुकाट दिली असती बघ, पोरी."

पारगावचा पूल ओलांडून आम्ही न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो. मग बायको म्हणाली, "तुमच्याकडून सव्वादोन म्हणवलं नाही ना?"

"नाही."

"मला माहीत होतं. भांडणार नाहीये मी. पण सिमेंटात घालणार म्हणे."

घरी आल्यावर तिने धुवायचे कपडे गोळा केले आणि माझा रुमाल हातात धरून ती स्वयंपाकघरातून बाहेर आली. रुमालाचा डाग तिने बोटाने खरवडला, वास घेतला.

"हे गाडीचं ग्रीस आहे?"

"इंजिनातलं काहीतरी जळलेलं असेल."

"छे. हे किटण आहे. करडईच्या तेलाचं." ती आत गेली आणि तिने तेलाचा पत्र्याचा डबा आणून माझ्यापुढे उलटा धरला. बुडाला आणि तोटीभोवती तोच रंग, तोच चिवटपणा. "घाण्याचं करडईचं तेल सांडून राहिलं की असं होतं. आधी चिकट, मग काचेसारखं. शेंगदाण्याचं इतकं होत नाही. हे सुटत नाही बाई, सुटत नाही. कढत पाण्यात सोडा टाकून तासभर ठेवावं लागतं तेव्हा निघतं."

मी तिच्या हातातला रुमाल घेतला. मग लगेच आबांना फोन लावला.

"आबा, दसऱ्याला तुम्ही इंजिनमधे काही घालत होता का?"

"व्हय तर! थोरल्यानं सांगितलं हुतं. हिरीवरचं इंजिन बंद ठिवायचं आसलं की आपन प्लग काढून तेल सोडतो न्हाई का, तसं. दर वरसाला चमचाचमचा, चारी भोकात."

"कोणतं तेल?"

"आपलं घरचं. करडईचं, घाण्यावरनं आणलेलं." त्यांच्या आवाजात अभिमान होता. "डब्यातलं काळं तेल हिरीच्या इंजिनाला. भावाच्या गाडीला न्हाई घातलं मी तसलं."

मी फोन ठेवला. डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या होत्या. एक अशी की इंजिन गंजाने जाम झालं नसेल, आबांच्या तेलाने जाम झालं असेल. दुसरी अशी की हे मला आबांना सांगावं लागेल. पंचवीस दसरे त्यांनी जी सेवा केली, तिनेच गाडी बंद पाडली होती. आणि न सांगता इंजिन सोडवायचं कसं, तेही कळत नव्हतं.

"तुम्ही सांगणारच," बायको म्हणाली. "फक्त तुमच्या ऑफिसात सांगता तसं नका सांगू."

आमच्या कारखान्यात देखभाल विभागात एक फिटर आहे. माझ्याच वयाचा, बारा वर्षं आम्ही दोघं एकाच बसने जातो-येतो. त्याला मी सोमवारी बसमधेच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तेल आसंल तर वितळंल. गंज आसंल तर न्हाई. आधी बघू." त्याच्याकडे मोबाइलला जोडायचा वायरसारखा बारीक कॅमेरा होता, पाइपात सोडून बघायचा. बायकोचा सोड्याचा उपाय सांगितल्यावर तो हसला. "वहिनींचं बरोबर हाय, पर पिस्टन ॲल्युमिनियमचं. सोडा त्येला खाऊन टाकंल. कढत पाणी घेऊ, सोड्याऐवजी थिनर घेऊ."

रविवारी सकाळी लवकरच आम्ही तिघं राहूला पोहोचलो. आबा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसलो. वाटेत ठरवलेली वाक्यं आठवेनात, म्हणून सरळ सांगितलं की करडईचं तेल वाऱ्याने घट्ट होतं, आणि इंजिन बहुतेक त्यामुळे अडकलं आहे.

आबांचा मुलगा दारात उभा होता. तो हसत म्हणाला, "घ्या! म्हंजी आबा, तुमीच जाम केली व्हय? आन् इतकी वरसं आमाला हात लावू द्येत नव्हता."

त्याने ते चेष्टेनेच म्हटलं होतं. पण आबांचा चेहरा पडला. ते उठले आणि गोठ्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून.

"अहो, जरा थांबायचं तरी," बायको मला म्हणाली.

"अजून सगळं सांगून झालं नाही," मी म्हणालो. "पुढचं बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

फिटरने चारी प्लग काढले आणि पहिल्या भोकात कॅमेरा सोडला. मी मोबाइल धरून उभा होतो. पडद्यावर आधी धूसर काहीतरी, मग एकदम पिवळा उजेड. सिलिंडरची भिंत आतून मधाच्या रंगाने चकाकत होती. सगळीकडे एकसारखा पातळ थर. फिटरने वायर गोल फिरवली. मी लाल ठिपका शोधत होतो. कुठेही नव्हता. दुसरा सिलिंडर, तिसरा, चौथा. पिवळं, नुसतं पिवळं.

"एक कण गंज न्हाई," फिटर म्हणाला. "कुणीतरी वार्निश मारून ठेवल्यागत."

मला मोबाइल वायरीसकट आबांकडे नेता येईना, म्हणून त्यांना हाक मारली. ते येईनात. शेवटी बायको गेली आणि त्यांचा दंड धरून घेऊन आली. आबांनी चष्मा लावला.

"ह्ये काय म्हनायचं? काचंसारखं?"

"हे तुमचं तेल, आबा," मी म्हणालो. "ह्यानेच इंजिन अडकलं. आणि ह्यानेच हवा आत जाऊ दिली नाही. तेल घातलं नसतं तर आत्ता इथे सगळं लाल दिसलं असतं, आणि मग गाडी फुलझाडं लावायच्याच लायकीची होती."

आबा पडद्यावर वाकले. "पुन्ना फिरवा जरा," ते फिटरला म्हणाले. त्याने वायर फिरवली. "अजून एकदा."

मग घरातल्या बंबात पाणी तापायला टाकलं. बंब अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवा, असं मी सांगितलं, कारण थिनर पेटतं. फिटरने चारी भोकांत थिनर सोडून प्लग सैल बसवले. आम्ही बादल्या भरभरून आणत होतो आणि तो रेडिएटरमधून कढत पाणी इंजिनाच्या पोटात ओतत होता, खालून गार झालेलं सोडून देत होता. आतून ब्लॉक तापला पाहिजे, एवढंच साधायचं होतं. बायको बादली देताना पुटपुटली, "घरी डबा घासते तेव्हा एकदा तरी असे चौघं मदतीला यावेत."

दुपार कलली. मधे दोनदा हँडल लावून पाहिलं. काही नाही. पिठलं-भाकरी खाल्ली, पुन्हा पाणी, पुन्हा थिनर. आबांच्या मुलाने घड्याळाकडे पाहिलं. क्रेन यायची होती. तरी बादल्या तोच वाहत होता.

तिसऱ्यांदा हँडल लावताना आबा पुढे आले. "मला द्या."

"आबा, झटका बसंल," फिटर म्हणाला.

"थोरल्यानं मला ह्येच एक शिकवलं. अंगठा आत घ्यायचा न्हाई." त्यांनी हँडल धरलं, अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवला, आणि जोर न लावता नुसतं अंग टाकून राहिले. आम्ही सगळे त्यांच्या मनगटाकडे बघत होतो. आधी कुठूनतरी चिकट पट्टी सोलल्यासारखा आवाज आला. मग हँडल बोटभर खाली गेलं. थांबलं. पुन्हा बोटभर गेलं. फिटर ओरडला, "मागं घ्या आता, पुढं-मागं करा!" आबांनी पुढे-मागे केलं, पाव फेरा झाला, अर्धा झाला, आणि मग चारी सैल प्लगांच्या कडेने फसफसत पिवळं थिनर उडालं आणि हँडल पूर्ण फिरून वर आलं.

आबांनी अजून एक फेरा मारला, मग आणखी एक. "फिरतंय की," ते हळूच म्हणाले. मुलाकडे वळून मात्र मोठ्याने म्हणाले, "जाम केली म्हनं!"

"चुकलं माझं," मुलगा हात जोडून म्हणाला, आणि तेव्हा सगळेच हसले.

मी कांद्याच्या पोत्यावर बसलो. इंजिन सुटलं ह्याचा आनंद होताच. पण खरं सांगितल्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाची पंचवीस वर्षं वाया गेली नाहीत, उलट ती कामी आली, ह्याने मला जास्त हलकं वाटत होतं. कारखान्यात असं फार वेळा होत नाही. तिथे खरा आकडा सांगितला की कुणीतरी नाराजच होतं.

"तीन," मी आबांच्या मुलाला म्हणालो.

"आता सव्वादोनला बी दिली आसती की," तो म्हणाला. "हाटेलवाल्याला तेवढ्यालाच देत हुतो."

"इंजिन चांगलं असेल तर तीन, असं मागच्या रविवारी इथेच बसून सांगितलं होतं. इंजिन चांगलं आहे."

त्याने बापाकडे पाहिलं. आबा म्हणाले, "घे. त्यांचा हिशेब हाय, आपला न्हाई." मुलाने चाळीबाहेर जाऊन हॉटेलवाल्याला फोन केला आणि क्रेन नको म्हणून कळवलं. कागद सरळ होते, सह्या त्याच आठवड्यात झाल्या.

पण त्या दिवशी अजून एक काम राहिलं होतं. फिटरने एकेक चाक मोकळं फिरवून पाहिलं, ब्रेकचे ड्रम ठोकून सैल केले, आणि पंपाने हवा भरली. जुने टायर तासभर तरी हवा धरतील, असं तो म्हणाला. आम्ही जॅक लावून ठोकळे काढायला लागलो तेव्हा आबा घाईघाईने घरात गेले आणि ओंजळीत चार हिरवी लिंबं घेऊन आले. वाकून त्यांनी ती एकेका चाकाच्या पुढ्यात ठेवली. वाळकी काळी लिंबं मात्र पायाने बाजूला सारली.

गाडी जमिनीवर उतरली. बायको स्टिअरिंगवर बसली, कारण टरफलांत बसायला दुसरं कुणी तयार नव्हतं. आम्ही चौघांनी मागून ढकललं. गाडी कुरकुरली, जागची हलली, आणि चारी लिंबं एकामागून एक फुटली. आबांनी ढकलणं सोडून मागे वळून जमिनीकडे पाहिलं. चार ओले डाग होते. मग ते पुन्हा येऊन ढकलायला लागले.

गावातून मागवलेल्या टेम्पोवर चढवून दोरखंड बांधेपर्यंत संध्याकाळ झाली. आबांनी मला टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. आणि बायकोच्या हातात तेलाचा एक डबा. घाण्याचं, करडईचं.

"गाडीला का आता हे, आबा?" तिने विचारलं.

"भाजीला गं," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाव्हणं, येत्या दसऱ्याला तुमी कंचं तेल घालणार?"

"इंजिनचं, आबा. डब्यातलं."

त्यांनी थोडा विचार केला. "काळं?"

"नवं असतं तेव्हा ते काळं नसतं. मधासारखं असतं."

"मंग चाललं," ते म्हणाले, आणि टेम्पोच्या फळीवर दोनदा थाप मारून त्यांनी ड्रायव्हरला निघायला सांगितलं.